अंगठ्याची साक्ष

गोष्ट २०१९ सालच्या नोव्हेंबरातली. आई तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांची होती. वडील रेल्वेत होते. ते गेल्यापासून तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपण अजून आहोत, हे सरकारला वर्षातून एकदा कळवायचं. हा दाखला यंत्रावर बोट ठेवून देण्याची सोय २०१४ साली सुरू झाली. मुलुंडला घराजवळच ती सोय आहे असं कळलं, म्हणून आईला रिक्षात बसवून घेऊन गेलो.

टेबलामागच्या मुलाने आईचा अंगठा काचेवर ठेवला. लाल दिवा लागला. त्याने काच पुसली, आईचं बोट पुसलं, पुन्हा लाल. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. दहाही बोटं झाली. मुलगा बिचारा सभ्य होता. तो म्हणाला, "आजी, तुमचे ठसे येत नाहीत." आईने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग मी आहे का नाही?" रांगेतली माणसं हसली. मीही हसलो. आई हसली नाही.

तिचं न हसणं मला नंतर कळलं. तिची आई, म्हणजे माझी आजी, अंगठा उठवायची. कागदावर 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असं लिहायचं आणि खाली निळा डाग. अशा माणसाला आपल्याकडे 'अंगठाबहाद्दर' म्हणत, आणि तो काही गौरव नव्हता. आई चौथीपर्यंत शिकली. लग्नानंतर सही घोटून घोटून तिने इतकी वळणदार केली होती की बँकेतला कारकून कौतुक करायचा. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "अंगठा द्यावा लागू नये म्हणून सही शिकले. आता सही नको म्हणतात, अंगठा मागतात, आणि तोही चालत नाही."

तिच्या त्या वाक्यामुळे मी या विषयाकडे वळलो. बोटाचा ठसा ओळखायला यंत्राला शिकवलं कोणी, ते नेमकं काय पाहतं, आणि कुठे चुकतं, याची ही हकीकत आहे.

ती सुरू होते आपल्याच देशात. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्यासाठी माल पुरवण्याचा करार त्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी केला आणि कागदाच्या पाठीवर शाईने त्याच्या अख्ख्या पंजाचा छाप घेतला. पुढे 'ही सही माझी नव्हेच' असं त्याने म्हणू नये, एवढाच हेतू. मग हर्शेलला छंदच लागला. वर्षानुवर्षं तो लोकांचे ठसे घेत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की माणूस म्हातारा झाला तरी बोटावरच्या रेषांची मांडणी बदलत नाही.

१८७७ साली हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना त्याने तीन कामांसाठी ठसे घ्यायला सुरुवात केली. पहिलं काम निवृत्तिवेतनाचं, कारण पेन्शनर गेल्यावरही दुसराच कोणी त्याच्या नावाने पैसे उचलत असे. दुसरं दस्तनोंदणीचं. तिसरं तुरुंगातलं, म्हणजे शिक्षा झालेलाच माणूस आत आहे ना, हे पाहण्याचं. ही यादी वाचताना मी थबकलो. आईला ज्या कामासाठी मुलुंडला नेलं होतं, ते हर्शेलच्या यादीतलं पहिलंच काम होतं. बोरिवलीला किंवा घाटकोपरला ज्यांनी घर घेतलं असेल, त्यांना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात कॅमेऱ्यासमोर बसून अंगठा दिल्याचं आठवत असेल. नोंदणी कायद्यात २००१ साली दुरुस्ती होऊन फोटो आणि ठसे सक्तीचे झाले. ते त्याचं दुसरं काम. आणि तिसरं पोलिसांचं, त्याच्याकडे आपण येणारच आहोत. दीडशे वर्षांत कामं तीच राहिली. शाईची जागा काचेने घेतली आणि पारखणाऱ्या माणसाची जागा यंत्राने.

ठसे घेणं सोपं, शोधणं कठीण. समजा कचेरीत लाखभर माणसांच्या पत्रिका आहेत आणि समोर एक माणूस खोटं नाव सांगून उभा आहे. त्याची जुनी पत्रिका काढायची कशी? कलकत्त्याला एडवर्ड हेन्री या पोलीसप्रमुखाच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय अधिकारी या प्रश्नाला भिडले. त्यांचं उत्तर ऐकण्यासारखं आहे.

आपल्या आज्या बोटांवर चक्र किती आणि शंख किती ते मोजायच्या. ठसेशास्त्रही तेच करतं. रेषांचे ढोबळ प्रकार तीन: कमान, फास आणि चक्र. त्यांत फास सर्वांत जास्त, त्याखालोखाल चक्रं, आणि कमानी अगदी थोड्या. हक यांच्या पद्धतीत पहिला प्रश्न एवढाच, की या बोटावर चक्र आहे का नाही? दहा बोटं, दहा वेळा 'आहे' किंवा 'नाही'. याची एकूण १०२४ उत्तरं होतात. म्हणून १०२४ खणांचं कपाट करायचं आणि प्रत्येक पत्रिका तिच्या खणात टाकायची. लाखभर पत्रिका चाळण्याऐवजी एक खण उघडायचा. आजचा संगणकसुद्धा सगळा व्यवहार 'आहे' आणि 'नाही' यांतच करतो. म्हणजे विजेचा संगणक जन्माला येण्याच्या आधी त्याची रीत कलकत्त्याच्या लाकडी कपाटात चालू झाली होती. १८९७ साली तिथे जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा केंद्र उघडलं आणि १९०१ साली ती पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात पोचली. नाव पडलं हेन्रीचं. हक यांना पुढे खानबहादूर आणि बोस यांना रायबहादूर हे किताब मिळाले.

त्याच सुमाराची एक केस सांगतो. जलपैगुडीत चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. घरातल्या बंगाली पंचांगावर पुसटसा डाग सापडला. तो डाग म्हणजे कंगालीचरण नावाच्या, पूर्वी शिक्षा भोगलेल्या माणसाच्या अंगठ्याचा ठसा निघाला. १८९८ साली खटला चालला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, पण खुनाच्या आरोपातून सोडलं. हात पंचांगाला लागला होता हे ठशाने सिद्ध झालं. खून त्याच हाताने केला हे ठसा सांगू शकत नव्हता. साक्षीदार कितीही पक्का असला तरी त्याने पाहिलं तेवढंच तो सांगतो. हा विवेक त्या न्यायालयाने पहिल्याच मोठ्या खटल्यात दाखवला. पुढच्याच वर्षी, १८९९ साली, पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ठसेतज्ज्ञाचं मत ग्राह्य झालं. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी ती तरतूद टिकून आहे. तज्ज्ञाचं मत, हे शब्द लक्षात ठेवा.

कपाटं मात्र फुगत गेली. शिवाय घटनास्थळी दहा बोटं कुठली मिळायला? कपाटाच्या दारावर, काचेच्या पेल्यावर एखाद्याच बोटाचा अर्धा ठसा मिळतो. आपले पोलीस त्याला 'चान्स प्रिंट' म्हणतात. एका बोटाला १०२४ खणांचं कपाट उपयोगी पडत नाही. तिथे संगणकाची गरज लागली. १९६३ साली मिचेल ट्रॉरिंग या संशोधकाने यंत्राने ठसे जुळवण्याचा आराखडा मांडला आणि त्याच दशकात अमेरिकी पोलीस यंत्रणेने त्यावर काम सुरू केलं. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी जपानी बनावटीची ठसेयंत्रणा बसवली आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या चान्स प्रिंटना धनी मिळू लागले. आपल्याकडे दिल्लीच्या केंद्रीय अंगुलीमुद्रा केंद्रात १९९२ साली अशी यंत्रणा आली. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या अंगुलीमुद्रा केंद्राकडे. २०१९ साली राज्य पोलिसांनी 'ॲम्बिस' नावाची नवी यंत्रणा आणली. तीत बोटांबरोबर तळहात, चेहरा आणि डोळ्यांचीही नोंद होते. २०२२ साली 'नाफिस' ही देशभरची यंत्रणा सुरू झाली. त्यामुळे घाटकोपरच्या घरफोडीतला ठसा दुसऱ्या राज्यात अटक झालेल्या माणसाशी ताडून पाहता येतो.

आता यंत्र पाहतं काय? मुंबईकराला हे समजायला फार सोपं आहे. बोटावरच्या रेषा म्हणजे लोकलचे रूळ समजा. रूळ कुठे तरी संपतो, जसा चर्चगेटला संपतो. किंवा त्याला फाटा फुटतो, जसा कल्याणला एक मार्ग कर्जतकडे आणि एक कसाऱ्याकडे जातो. बोटावर अशी 'चर्चगेटं' आणि 'कल्याणं' डझनांनी असतात. १८९२ साली फ्रान्सिस गाल्टनने आपल्या पुस्तकात दाखवून दिलं, की ठशाची खरी ओळख चक्रा-शंखात नसून या बारीक खुणांत आहे.

आपण काचेवर बोट टेकतो तेव्हा खालून प्रकाश पडतो. रेषेचा उंचवटा जिथे काचेला चिकटतो तिथला प्रकाश परत फिरत नाही, आणि चित्रात तिथे काळी रेघ उमटते. संगणक ते चित्र साफ करतो, रेघा कोणत्या दिशेने वाहतात ते पाहतो, मग प्रत्येक रेघ खरवडून एका बिंदूच्या जाडीची करतो. त्यानंतर कुठे रेघ संपली आणि कुठे फुटली ते टिपतो. प्रत्येक खुणेची जागा आणि दिशा, एवढंच. संगणक बोट लक्षात ठेवत नाही, स्थानकांची यादी लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी तुम्ही बोट ठेवलंत की नवी यादी तयार होते. ती थोडी फिरवून, थोडी सरकवून जुन्या यादीवर बसवून पाहिली जाते आणि किती स्थानकं जुळली त्यावरून एक आकडा निघतो.

गोम आहे ती या आकड्यात. एकाच बोटाचे दोन ठसे कधीच तंतोतंत सारखे नसतात. कातडी ताणली जाते, बोट तिरकं पडतं, घाम असतो, पावसाळा असतो. त्यामुळे यंत्र 'हाच तो' असं कधी म्हणत नाही. ते म्हणतं, साम्य इतकं आहे. मग कोणी तरी एक उंबरठा आखतो: एवढ्याच्या वर आकडा गेला तर हिरवा दिवा, खाली राहिला तर लाल. उंबरठा उंच केला तर तोतया बाहेर राहतो, पण त्याच्याबरोबर माझी आईही बाहेर राहते. तो खाली आणला तर आई आत येते, पण मागोमाग तोतयाही येऊ शकतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारा उंबरठा नसतो. तो किती उंच ठेवायचा हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो.

आईच्या बोटांचं काय झालं होतं? रेषा तर आपण जन्माला येण्याआधीच, गर्भात असताना पक्क्या होतात. मांडणी बदलत नाही, हर्शेलचं खरंच होतं. पण उंचवटे झिजतात. पंचवीस वर्षं आईने घरी पापड लाटले. पापडखार, भांडी घासायची राख, धुण्याचा सोडा, आणि वर म्हातारपणाची कोरडी, पातळ कातडी. असेच हात विटा वाहणाऱ्यांचे असतात, सिमेंट कालवणाऱ्यांचे असतात, अंधेरीच्या घराघरांतून भांडी घासणाऱ्या बायकांचे असतात. म्हणजे ज्यांनी हाताने सर्वांत जास्त काम केलं, त्यांचेच हात यंत्राला वाचता येत नाहीत. आणि रेशनच्या दुकानात, पेन्शनच्या खिडकीवर यंत्रासमोर उभं राहावं लागतं तेही बहुतेक त्यांनाच.

हे आधार योजना आखणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पहिला आधार क्रमांक दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० रोजी, आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. तेव्हापासूनच दहा बोटांबरोबर दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची नोंद घेतात. त्याला एक कारण झिजलेली बोटं, दुसरं निव्वळ गणित. नव्या माणसाची नोंद होताना तो आधीच दुसऱ्या नावाने नोंदलेला नाही ना, हे पाहायला त्याची तुलना आधीच्या सर्वांशी करावी लागते. समजा, एका बोटाच्या बाबतीत लाखात एकदा यंत्र फसतं. दोन माणसांत तुलना असेल तर ही चूक नगण्य. पण एप्रिल २०१६ मध्ये आधारधारकांची संख्या शंभर कोटींवर गेली. शंभर कोटींत लाखाला एक म्हणजे दहा हजार भलतीच माणसं. म्हणून एका बोटावर भागत नाही, दहा बोटं आणि दोन डोळे लागतात. 'तू तोच का?' आणि 'तू कोण?' हे दोन प्रश्न सारखे वाटतात, पण दुसरा फार अवघड आहे.

त्या दुसऱ्या प्रश्नात माणसं कशी फसतात याचं उदाहरण २००४ सालचं आहे. माद्रिदला लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या एफबीआयने आपल्या संगणकात घातला. संगणकाने जवळपास जुळणाऱ्या वीस जणांची यादी दिली. त्यात चौथा होता ब्रँडन मेफिल्ड, ऑरेगनमधला वकील. यंत्राने एवढंच केलं होतं. पण यादी पाहणाऱ्या अनुभवी तज्ज्ञांनी ठामपणे सांगितलं की ठसा त्याचाच. दोन आठवडे तो कोठडीत होता. मग स्पेनच्या पोलिसांना त्या ठशाचा खरा धनी दुसराच सापडला. अमेरिकी सरकारने माफी मागितली आणि २० लाख डॉलर भरपाई दिली. कोट्यवधी ठशांत शोध घेतला की फार सारखा दिसणारा एखादा भलताच ठसा सापडणारच. म्हणून यादी हाती आल्यावर माणसाने अधिक सावध व्हायला हवं. तिथे तज्ज्ञच गाफील राहिले.

तरीही पोलिसांच्या कामात एक सोय आहे. यंत्र यादी देतं, मग तज्ज्ञ भिंग घेऊन बसतो, न्यायालयात उभा राहतो, वकील त्याची उलटतपासणी घेतो. जलपैगुडीच्या केसपासून ही वाट पडलेली आहे. चोराच्या ठशावर इतक्या जणांची नजर पडते. माझ्या आईच्या ठशावर कोणाची पडली? एका लाल दिव्याची. तिच्यासाठी तज्ज्ञ नव्हता, उलटतपासणी नव्हती. टेबलावरच्या मुलाला ती समोर धडधडीत दिसत होती, पण तिच्याकडे पाहून काही ठरवण्याची मुभा त्याला नव्हती.

सुधारणा होत आहेत, हेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०२१ पासून हयातीचा दाखला मोबाइलसमोर चेहरा धरून देता येतो. २०२३ साली आधार प्राधिकरणाने खुणांच्या यादीबरोबर बोटाचं अख्खं चित्रही तपासणारी पद्धत आणली. बोट जिवंत माणसाचं आहे की नकली, हेही ती पाहते. हे आवश्यकच होतं. जपानमध्ये त्सुतोमू मात्सुमोतो यांनी २००२ सालीच जिलेटिनच्या बोटांनी यंत्रं फसवून दाखवली होती. त्याच २०२३ साली आपल्या पवईच्या आयआयटीने काचेला हात न लावता, मोबाइलच्या कॅमेऱ्याने ठसे घेण्याची यंत्रणा तयार करण्यासाठी प्राधिकरणाशी करार केला. आधार उभं करणारे नंदन निलेकणी पवईचेच विद्यार्थी. मुलुंडहून पवईला रिक्षाने अर्ध्या तासात जाता येतं. तिथल्या प्रयोगशाळेत पापड लाटणाऱ्या बाईचा हात नमुन्याला घेतला जावा, एवढीच माझी इच्छा.

पण यंत्र कितीही सुधारलं तरी उंबरठा राहणार, आणि त्याच्या अलीकडे कोणी तरी खरा माणूस अडकणार. म्हणून लाल दिव्याशेजारी एक खुर्ची हवी, आणि तिच्यावर बसणाऱ्याला आपल्या डोळ्यांनी पाहून निर्णय देण्याचा अधिकार हवा.

त्या दिवशीचं काम शेवटी कसं झालं ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन मी पेन्शन जिथे जमा होते त्या बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी आईचं पासबुक उघडलं, त्यातला फोटो पाहिला, आईकडे पाहिलं, "काय काकू, बऱ्या आहात ना?" असं विचारलं आणि कागदी फॉर्म पुढे सरकवला. दोन मिनिटांत काम झालं. आईने चष्मा लावला, पेन मागितलं आणि तिची ती वळणदार सही केली. मग कागद थोडा लांब धरून एकदा नीट पाहिला आणि बाईंच्या हातात दिला.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)